मदत हवी आहे : कर्मचाऱ्यावर मारहाणीचा आरोप, साक्षीदार फक्त बंदी (कैदी), कारागृहातील प्राथमिक चौकशी कशी करावी?

नमस्कार. मी कारागृह प्रशासनात अधिकारी असून कर्मचाऱ्यांविरुद्धच्या तक्रारींची प्राथमिक चौकशी करण्याचे काम अलीकडेच माझ्याकडे आले आहे. ज्या प्रकरणासाठी हा धागा काढत आहे, त्यातील ओळख पटण्याजोगे तपशील मी वगळले आहेत.

एका बंद्याची तक्रार अशी आहे की, बराकीची झडती संपल्यावर एका शिपायाने त्याला कोठाराशेजारच्या बोळात नेले आणि पाठीवर व मांड्यांवर काठीने मारले. शिपायाचे म्हणणे असे की, बंदी न्हाणीघरात घसरून पडला. बोळात कॅमेरा नाही. त्या वेळी कामावर असलेल्या अन्य दोन शिपायांनी लेखी जबाब दिले आहेत, परंतु दोन्ही जबाबांतील वाक्ये जवळजवळ शब्दशः सारखी आहेत. त्याच बराकीतील काही बंदी तोंडी दुजोरा देतात आणि सही करण्याची वेळ आली की मागे हटतात. त्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही, कारण रात्री त्यांच्या बराकीची किल्ली ज्यांच्या हाती असते त्यांच्याविरुद्धच त्यांना बोलायचे आहे. डॉक्टरांच्या नोंदीत ‘किरकोळ जखमा’ एवढेच लिहिले आहे.

शिक्षा झालेल्या माणसाच्या शब्दावर कर्मचाऱ्याची नोकरी पणाला लावू नये, असे काही सहकारी सांगतात. हे मला पटत नाही, पण निर्दोष कर्मचाऱ्याच्या माथी डाग लागू नये याचीही मला तितकीच काळजी आहे. बंद्याच्या आणि कर्मचाऱ्याच्या सांगण्याचे मोल कसे ठरवावे, शिपायाला निलंबित करणे आवश्यक आहे का, आणि पुढे फौजदारी गुन्हा दाखल झाला तर आज मी घेतलेल्या त्याच्या जबाबाचे काय होईल, या तीन गोष्टींवर अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद १

आपण प्रश्न ज्या क्रमाने विचारले आहेत, तो क्रम मी आधी बदलेन. कोणाचे खरे मानायचे हा प्रश्न नंतरचा आहे. आज जे पुरावे हातातून निसटत आहेत ते आधी राखले पाहिजेत. सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरमधील जागा संपली की जुन्या चित्रणावर नवे चित्रण आपोआप चढते, त्यामुळे बोळात कॅमेरा नसला तरी बोळाकडे जाणाऱ्या आणि न्हाणीघराकडे जाणाऱ्या वाटांवरील कॅमेऱ्यांचे चित्रण तातडीने वेगळे काढून घ्यावे. ते घेताना रेकॉर्डरचे घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती पुढे किंवा मागे आहे, याची लेखी नोंद करावी. ही नोंद राहून गेली तर पुढे कर्तव्य-तक्ता, किल्ल्यांची नोंदवही आणि चित्रण यांचा मेळ बसत नाही आणि बचाव पक्ष नेमके तेथेच बोट ठेवतो. बंदीगणतीची नोंदवही, झडतीची नोंद, वॉकीटॉकीवरील संभाषणाची नोंद आणि रुग्णालयाची नोंदवही यांच्या मूळ प्रती ताब्यात घेऊन पोच द्यावी. नोंदवह्यांतील खाडाखोड अशाच दिवसांत होत असते.

वैद्यकीय बाजूबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण या प्रकरणाचा निकाल बहुधा तेथेच लागेल. गोल काठीचा जोरदार फटका बसला की त्वचेवर पुष्कळदा दोन समांतर लाल रेषा उठतात आणि त्यांच्या मधला पट्टा फिका राहतो. ओल्या फरशीवर घसरून पडल्याने असे वळ उठत नाहीत. पडण्याच्या जखमा सहसा कोपर, गुडघा, नितंब अशा हाडाच्या उंचवट्यांवर आढळतात. म्हणून कारागृह प्रशासनाशी संबंध नसलेल्या डॉक्टरांकडून पुन्हा तपासणी करून घ्यावी, शरीराच्या आकृतीवर प्रत्येक जखमेची जागा, लांबी व आकार नोंदवावा आणि मोजपट्टी शेजारी ठेवून छायाचित्रे काढावीत. वळांच्या रंगावरून मारहाणीची नेमकी वेळ ठरवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण ती पद्धत भरवशाची नाही. छळाच्या आरोपांची वैद्यकीय व कायदेशीर नोंद कशी करावी याचे ‘इस्तंबूल प्रोटोकॉल’ हे संयुक्त राष्ट्रांचे मार्गदर्शन १९९९ पासून उपलब्ध आहे आणि २०२२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली आहे. ते डॉक्टरांच्या हाती द्यावे.

जबाबांच्या बाबतीत माणसाच्या दर्जाचे वजन करू नये, त्याने सांगितलेल्या तपशिलाचे करावे. बोळात त्या दिवशी काय ठेवले होते, दार कोणत्या बाजूने उघडले, आधी कोण बाहेर आले, असे पडताळता येणारे तपशील सांगणाऱ्या बंद्याचा जबाब हा त्याच्यावरील शिक्षेमुळे हलका होत नाही, आणि ‘बंदी पाय घसरून पडला’ या एका वाक्यापलीकडे न जाणारा जबाब गणवेशामुळे जड होत नाही. त्या दोन शिपायांना एकाच दिवशी, वेगवेगळ्या खोल्यांत, एकमेकांशी बोलण्यास अवधी न देता बोलवावे आणि ‘तुम्ही तेव्हा कोठे उभे होता, तेथून काय दिसत होते’ असे खुले प्रश्न विचारावेत. जबाब लिहून देण्यापूर्वी त्यांनी कोणाचा मसुदा पाहिला होता, हेही सरळ विचारावे. आरोप असलेल्या शिपायाचा जबाब सर्वांत शेवटी घ्यावा.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादात एक मुद्दा राहिला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१५ मध्ये स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांतील (बंद्यांना कसे वागवावे याच्या किमान मानकांतील) नियम ७१ नुसार, कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत किंवा छळाचा सबळ संशय असेल तर कारागृह प्रमुखाने ती बाब प्रशासनापासून स्वतंत्र असलेल्या सक्षम यंत्रणेला विनाविलंब कळवायची असते. अंतर्गत चौकशी सुरू असली किंवा नसली तरी हे बंधन कायम राहते. ज्यांच्यावर संशय आहे त्यांचा तपासात सहभाग नसावा आणि साक्षीदार, पीडित व त्याचे कुटुंब यांच्याशी त्यांचा संपर्क नसावा, हेही त्याच नियमात आहे. म्हणजे आपली पहिली फाईल चौकशी अहवालाची नसून त्या यंत्रणेला पाठवण्याच्या पत्राची असायला हवी.

शिपायाच्या जबाबाबद्दल सांगायचे तर, विभागीय चौकशी (नोकरीतील शिस्तभंगाची चौकशी) आणि फौजदारी तपास हे दोन प्रवाह एकमेकांत मिसळू देऊ नयेत. नोकरी जाण्याच्या धाकाने वदवून घेतलेला जबाब फौजदारी खटल्यात त्याच कर्मचाऱ्याविरुद्ध वापरता येणार नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये गॅरिटी खटल्यात दिला होता. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा असल्यामुळे जबाब घेण्यापूर्वी सरकारी वकिलांचा लेखी सल्ला घ्यावा.

प्रतिसाद ३

मी अनेक वर्षे बराकीत पहारा केला आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. झडतीत मोबाइल किंवा अमली पदार्थ पकडणाऱ्या शिपायाविरुद्ध काही वेळा मुद्दाम तक्रार केली जाते, जेणेकरून त्याची तेथून बदली व्हावी. त्यामुळे त्या झडतीत काय सापडले, कोणाकडे सापडले आणि तक्रार त्यानंतर किती वेळाने आली, हे जरूर तपासावे. मात्र जप्ती झाली होती म्हणून मारहाण झालीच नसेल असे होत नाही. उलट अशाच वेळी हात उचलला जातो, हे मी पाहिले आहे. सहकारी गप्प राहतात ते दर वेळी आरोपीच्या प्रेमापोटी नसते. उद्या बराकीत दंगा झाला तर आपल्या हाकेला कोणी धावून येणार नाही, ही भीती फार खोल असते. खरे बोलणाऱ्या शिपायालाही बंद्याइतकेच संरक्षण द्या आणि ते लेखी द्या.

निलंबन ही शिक्षा नसली तरी शिपायाच्या घरात ती शिक्षाच मानली जाते. बंद्यांशी संबंध न येणाऱ्या जागी त्याची नेमणूक करून साक्षीदार सुरक्षित राहत असतील तर तेवढे पुरेसे आहे. तो कोणावर दबाव आणत असल्याचे दिसले तर मात्र निलंबनास विलंब करू नये.

धागालेखिकेचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. स्वतंत्र यंत्रणेला पाठवायचे पत्र आजच तयार करत आहे, आणि जे दोन शिपाई एकसारखे जबाब देऊन गेले त्यांना पुन्हा बोलावणार आहे. एक शंका उरते. तक्रारदाराच्या सुरक्षेसाठी त्याला दुसऱ्या कारागृहात हलवावे, असा प्रस्ताव वरून आला आहे. तो स्वीकारावा का?

प्रतिसाद १ देणाऱ्याचे उत्तर

त्याला एकांतात विचारावे आणि त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत नोंदवावे. त्याची इच्छा नसताना त्याला हलवले तर त्याची भेटीला येणारी माणसे दुरावतात, वकील दुरावतो, आणि तक्रार करणाऱ्याची रवानगी होते असा अर्थ उरलेली बराक काढते. हलवायचेच असेल तर शिपायाला हलवावे. तसेच विभागीय दोषारोपपत्रापर्यंत प्रकरण गेले तर त्यात ‘गैरवर्तन केले’ असे मोघम न लिहिता दिवस, वेळ, जागा आणि कृती स्पष्ट लिहावी, आणि विभागीय चौकशीचा अधिकारी म्हणून आपण स्वतः बसू नये, कारण प्राथमिक चौकशी केलेली असल्याने तेथे आपण साक्षीदार असाल.