मदत हवी आहे: गणपतीनंतर आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) सुरू होतंय, घरात कोणाला किती सांगावं?

नमस्कार मंडळी. मी इथे वाचनमात्र असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. राहते ऐरोलीत, ऑफिस महापेला, वय ३५. आययूआय, म्हणजे नवऱ्याचे शुक्राणू नळीने थेट गर्भाशयात सोडणं, करून झालं, उपयोग झाला नाही. माझं एएमएच (स्त्रीबीजांचा साठा किती उरलाय ते दाखवणारी रक्ततपासणी) वयाच्या मानाने कमी आहे आणि नवऱ्याच्या रिपोर्टमध्ये शुक्राणूंची संख्या आणि हालचाल दोन्ही कमी. ठाण्यात नौपाड्याला ज्या डॉक्टरांकडे जातो त्यांनी आता आयव्हीएफच करा, त्यातही इक्सी, म्हणजे लॅबमध्ये एकेका स्त्रीबीजात एकेक शुक्राणू सुईने सोडणं, असं सांगितलंय. गणपती झाल्यावर जी पाळी येईल तिच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून इंजेक्शनं सुरू.

पुढचं सगळं डॉक्टरांनी कागदावर काढून समजावलं. साधारण दहा-बारा दिवस रोज पोटावर इंजेक्शन, मध्ये मध्ये सोनोग्राफी, मग स्त्रीबीजं पूर्ण पिकवणारं ट्रिगरचं इंजेक्शन आणि त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी भूल देऊन स्त्रीबीजं काढणार. गर्भ पाचव्या दिवसापर्यंत लॅबमध्ये वाढवून गोठवायचे आणि पुढच्या एखाद्या पाळीत सोडायचे. त्यामुळे कुठला डॉक्टर चांगला, यशाचं प्रमाण किती, हे कृपया इथे नको. माझं अडलंय ते घरात.

आमचा वन बीएचके, सासूबाई आमच्याकडेच असतात. इंजेक्शनं २ ते ८ डिग्रीत ठेवायची, म्हणजे फ्रिजमध्ये, आणि फ्रिज पूर्ण त्यांच्या ताब्यात. रात्री विरजण लावणं, निवडलेली कोथिंबीर कागदात गुंडाळून डब्यात घालणं, साय काढून ठेवणं, सगळं त्याच करतात. तिथे औषधाचा खोका एक दिवससुद्धा लपणार नाही. बाई प्रेमळ आहेत, हे आधीच सांगते. पण त्यांना सकाळी कळलं की संध्याकाळपर्यंत गावी चिपळूणला कळतं. मग रोज कोणाचा तरी फोन, कोणाचा नवस, कोणाचा काढा. शिवाय गणपती संपले की पितृपक्ष, म्हणजे 'आत्ता कशाला सुरू करता' हेही येणारच. आणि नाहीच झालं तर माझ्या रडण्याबरोबर त्यांचं रडणंही मलाच सांभाळावं लागेल. तेवढं बळ त्या वेळी माझ्यात नसेल.

नवरा म्हणतो, आईला सांगून टाकू. पण सांगायचं काय? आजवर घरात सगळ्यांनी धरूनच चाललंय की दोष माझ्यात. त्याचा रिपोर्ट आम्हा दोघांशिवाय कोणालाच माहीत नाही. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात असं डॉक्टर म्हणाले, तेव्हापासून त्याने सिगारेट सोडली, जागरणं सोडली. माणूस मनापासून करतोय. तरी या एका विषयावर आईसमोर त्याचं तोंड उघडत नाही. मी आग्रह धरू का, की राहू दे?

त्यातच नवरात्रात चुलत जावेचं डोहाळजेवण आहे. मागे एका बारशाला एका काकूंनी बाळ उचलून थेट माझ्या मांडीवर ठेवलं, 'घे, तुझीही कूस उजवेल' म्हणत. हॉलमधल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. या वेळी पोट फुगलेलं, मन हळवं, अशात मला ते झेपणार नाही. न जाता, कोणाला न दुखवता कसं निभावता येईल?

ऑफिसचंही बघायचंय. सोनोग्राफी सकाळची, ऐरोलीहून ठाण्याला जायचं आणि तिथून उलट महापे गाठायचं. पुढचं बोलावणं कधीचं, ते आयत्या वेळी कळणार. मॅनेजरला काय सांगितलंत तुम्ही?

अबोली
अगं, आधी फ्रिजचं. झाकणाचा स्टीलचा डबा घे, मधल्या कप्प्यात आत ठेव. दारात नको, सारखी उघडझाप होते. बर्फाच्या कप्प्याला टेकूनही नको, गोठलेलं इंजेक्शन वाया जातं. लाइट गेली तर फ्रिज उघडायचा नाही. केमिस्टकडून आणताना बर्फाच्या पाकिटाभोवती कापड गुंडाळ. काही पावडरच्या कुपी बाहेर थंड जागीही चालतात, कुठल्या ते डॉक्टरांना विचारून घे.

आता खरं ते. डबा लपवू नकोस. रोज रात्री बेडरूमचं दार लावून चोरून इंजेक्शन घेण्यात जेवढा जीव जातो तेवढा सुईने जात नाही, मी दोन्ही केलंय. पण सासूबाईंना सांगायचं ते तुझ्या नवऱ्याने, तू समोर नसताना, आणि सुरुवात त्याच्या रिपोर्टपासून. 'आई, माझ्यातही कमी आहे, आम्ही दोघं उपचार घेतोय. चिपळूणला बोलायचं नाही. जे असेल ते मी येऊन सांगेन, तिला विचारायचं नाही.' आग्रह धर. लेकाची गोष्ट झाली की आई ती सहसा बाहेर जाऊ देत नाही. आमच्याकडे पुण्याच्या नणंदेने फोनवर चौकशी सुरू केली तेव्हा सासूबाईंनीच विषय बदलला.

पितृपक्षाचं म्हणशील तर हे मंगलकार्य नाही, औषधोपचार आहे. ताप आला तर त्या पंधरवड्यात आपण गोळी थांबवतो का?

घोडबंदरकर
ताई, तुमच्या मिस्टरांसाठी लिहितोय, त्यांना वाचायला द्या. तोंड का उघडत नाही ते मला माहीत आहे. माझा रिपोर्ट मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवला होता. आईला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, 'मग तिला का बोलू दिलंस लोकांना?' त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण त्या दिवसापासून घरात बायकोला कोणी टोचलं नाही.

दोन कामाच्या गोष्टी. इंजेक्शन द्यायला दवाखान्यातल्या सिस्टरकडून त्यांनी स्वतः शिकून घ्यावं. बेंबीपासून दोन बोटं लांब, चिमटीत कातडी धरून, रोज जागा बदलून. दुसरं, स्त्रीबीजं काढायच्या दिवशीच नमुना द्यावा लागतो आणि बाहेर सगळे थांबलेले असताना भल्याभल्यांना दडपण येतं. आधी एक नमुना गोठवून ठेवता येईल का, हे आत्ताच विचारा. मोठा भार उतरतो.

रानजाई
मी नर्स आहे, याच विभागात काम केलंय, म्हणून थोडं सविस्तर.

पोट फुगणं, जड वाटणं हे होतंच. पण स्त्रीबीजं काढण्याच्या आधी किंवा नंतर पोट झपाट्याने फुगलं, वजन एकदम वाढलं, उलट्या थांबेनात, लघवी कमी झाली किंवा धाप लागली, तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री फोन करायचा. अंडाशयं औषधाला जास्त प्रतिसाद देतात तेव्हा असं होतं. एएमएच कमी असलेल्यांना धोका कमी असतो, तरी रात्रीचा नंबर आधी मागून ठेवा, दोघांच्याही फोनमध्ये.

गर्भ सोडल्यावर पलंगावर पडून राहायची गरज नाही, त्याने यश वाढत नाही. घरातली मोठी माणसं जिना उतरू देणार नाहीत, म्हणून हे डॉक्टरांच्या तोंडून सासूबाईंना ऐकवा. रक्ततपासणीपर्यंतचे दिवस सगळ्यात कठीण. छाती दुखणं, पोट जड होणं, चिडचिड ही गर्भ टिकावा म्हणून दिलेल्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांनीही होते, त्यामुळे त्यावरून होकार-नकार काढत बसू नका. घरी गरोदरपणाच्या चाचणीची पट्टी लवकर लावून बघू नका. रिपोर्ट कोण घेणार, पहिला फोन कोणाला, हे आधी ठरवा. ऑफिसात असताना तो मेसेज उघडू नये, एवढं मात्र नक्की पाळा.

संमतीपत्रं ऐन दिवशी पुढे येतात तेव्हा कोणी वाचत नाही. ती आधी घरी आणा. गोठवलेले गर्भ किती काळ ठेवायचे, तुमच्यापैकी कोणाचं काही झालं तर त्यांचं काय, हे त्यात असतं. खर्चही लेखी घ्या. इंजेक्शनं आणि गर्भ गोठवून ठेवण्याचं वर्षाचं भाडं पॅकेजमध्ये आहे का, हे विचारा. आणि समुपदेशन मागा. आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीच्या २०२१ च्या एआरटी कायद्याने ते देणं क्लिनिकवर बंधनकारक आहे. नवऱ्यासह बसा, आईला सांगण्याचा विषय तिथेच काढा.

ऑफिसात 'छोटी प्रोसिजर आहे, पंधरा दिवस सकाळी उशीर होईल' एवढं पुरतं. स्त्रीबीजं काढायच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण रजा घ्या.

अबोली
डोहाळजेवणाचं राहिलं. आधीच एखाद्या संध्याकाळी तिच्या घरी जाऊन ओटी भर, तिच्या आवडीचं काही करून ने. त्या दिवशी तब्येत बरी नाही म्हणून कळव. बाईला भेट पोचली की हॉलमध्ये कोण होतं, कोण नव्हतं, याचा हिशोब ती ठेवत नाही. आणि ठेवला तरी ठेवू दे.

मूळ धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. घोडबंदरकर, तुमचा प्रतिसाद नवऱ्याने वाचला. बराच वेळ फोन हातात धरून होता. चिपळूणला निघायच्या आधी आईशी बोलतो म्हणाला, आणि इंजेक्शन द्यायलाही शिकणार आहे. जावेकडे मी पितृपक्षाच्या आधीच जाऊन येईन.

एकच शंका उरलीय. पाळी लवकर येऊन गणपतीतच गावी आली तर? तिकिटं कधीची काढून ठेवलीत.

रानजाई
पाळी आली की त्याच दिवशी क्लिनिकला फोन करा. ते त्या वेळी सुरू न करता पुढच्या पाळीला घेतील, किंवा निघण्याआधीच तारीख पुढे ढकलायच्या गोळ्या देतील. एखाद्या महिन्याने सहसा काही बिघडत नाही, पण तुमचं एएमएच कमी असल्याने हा निर्णय त्यांच्याकडूनच घ्या, आणि तो आत्ताच विचारून ठेवा. तिकिटं रद्द करू नका.