शेजारचे नवे बांधकाम आणि आपल्या घराची किंमत: आपले अनुभव सांगावेत

काल शेजारी पत्रे ठोकण्याचा आवाज सुरू झाला आणि मला इंदिरानगरातल्या आमच्या जुन्या बंगल्याची आठवण आली. तो विकायला काढला, त्याच उन्हाळ्यात पलीकडच्यांनी आमच्या कुंपणभिंतीला टेकून पत्र्याची शेड उभारली. शेड होण्यापूर्वी घर पाहून गेलेल्या कुटुंबाशी भाव जवळपास ठरला होता. पावसाळ्यात ते पुन्हा आले तेव्हा स्वयंपाकघरात भरदुपारी दिवा लावावा लागला आणि पत्र्यावरच्या सरींच्या आवाजात ओट्यापाशी उभ्या असलेल्या त्या बाईंना माझ्या आईचे बोलणे ऐकू येईना. त्यांनी तिथेच साडेतीन लाख कमी केले. तीस वर्षांचा शेजार, म्हणून आईने पलीकडे अवाक्षर काढले नव्हते. आपल्यापैकी कोणाला असे अनुभव आले आहेत का?

पंचवटीकर:
ताई, शेडचे पाणी कोणत्या बाजूला पडत होते?

मूळ लेखिका:
आमच्याच. पन्हळ बसवली नव्हती, त्यामुळे पागोळ्या थेट आमच्या भिंतीवर पडत आणि ओल खिडकीच्या चौकटीपर्यंत चढली होती.

पंचवटीकर:
मग भाव शेडमुळे कमी, ओलीमुळे अधिक पडला असावा. माझ्या भावाच्या घरी शेजाऱ्यांनी स्वखर्चाने पन्हळ बसवून दिली आणि पुढच्या गिऱ्हाइकाने शेडचा विषयही काढला नाही.

सिडकोतून:
आमच्या रो हाऊसच्या मागे शेजाऱ्यांनी सामासिक अंतरातच, म्हणजे हद्दीलगत मोकळ्या सोडायच्या जागेत, खोली बांधली. आमचे कागद चोख असूनही खरेदीदाराच्या वकिलांनी हद्दीची मोजणी मागितली आणि व्यवहार चार महिने रखडला. परवानगीशिवाय केलेल्या बांधकामाला महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ खाली नोटीस देता येते, त्यामुळे शेजारी उद्या तोडफोड आणि भांडण होईल, ही धास्ती गिऱ्हाइकाला असते. तक्रार करण्यापूर्वी महापालिकेच्या नगररचना विभागातून मंजूर नकाशाची प्रत माहितीच्या अधिकारात मागवावी, असे मी आग्रहाने सांगेन.

गंगापूर रोडवरून:
माझा अनुभव उलट आहे. शेजारच्या प्लॉटवर पडका गोठा आणि गाजरगवत होते; तिथे त्यांनी रीतसर परवानगी घेऊन गाडीची जागा आणि छोटे आऊटहाऊस बांधले. साप निघणे थांबले आणि दलालाने आमच्या बाजूची खोलीही आनंदाने दाखवायला सुरुवात केली.

देवळालीकर:
सरकारी बाजारमूल्य तक्त्यात विभागवार दर असतात, शेजारच्या शेडची दखल त्यात नसते. त्यामुळे व्यवहार कमी भावात झाला, तरी करारातली रक्कम आणि तक्त्यातले मूल्य यांपैकी जे अधिक, त्यावरच मुद्रांक शुल्क भरावे लागते. खरेदीदार हाही हिशेब धरूनच भाव पाडतो.

नाव न देता:
उजेडाबाबत एक महत्त्वाची गोष्ट सांगते. एखाद्या खिडकीतून वीस वर्षे विनाखंड आणि शांततेने उजेड येत असेल, तर भारतीय सुखाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १५ नुसार त्यावर हक्क सांगता येतो. तुमचे घर तेवढे जुने होते.

मूळ लेखिका:
स्वयंपाकघराची ती खिडकी पहिल्या दिवसापासून होती. आज शेजारचे पत्रे चढण्यापूर्वीच मी त्यांच्याकडे पन्हळीविषयी बोलायला जाते.

म्हसरूळकर:
काकू, जाताना आपल्या खिडकीचे आजच्या तारखेचे छायाचित्रही काढून ठेवा.