मदत हवी आहे: सातव्या महिन्यात खूप रडले, म्हणून मुलगा असा वागतो का?

मुक्ता_नाशिक: लवकर सांगा, उद्या सासूबाई उतारा टाकणार आहेत. मुलगा चावतो, डोकं जमिनीवर आपटतो, रात्री किंचाळत उठतो. मला सातवा लागला तेव्हा माझे बाबा गेले. धड जेवण नाही, झोप नाही. घरात सगळे म्हणतात, "तुझं रडणं त्याच्यात उतरलं." खरंय का हे? आता काय करू?

गोदाकाठ: वय?

चिंगीची_आजी: पोटुशीने मन प्रसन्न ठेवावं गं. अभिमन्यूने पोटातच ऐकलं ना सगळं. सुनेला मी रोज रामरक्षा ऐकवली, नात एकदम शांत. तूही रोज दिवेलागणीला म्हण.

रानवारा: आजी, जिचे वडील गेले तिने प्रसन्न कसं राहायचं? माझे नऊही महिने मजेत गेले, तरी माझा मुलगा चावायचाच.

चिंगीची_आजी: दोष नाही देत गं. सुनेला त्याने झोप लागायची, म्हणून सांगितलं.

पेणचा_बाबा: मोबाईल बंद करा, आठवड्यात फरक दिसेल. आणि शाळा मराठी माध्यमाचीच बघा.

मुक्ता_नाशिक: मोबाईल फक्त जेवताना देते. शाळेचं मी विचारलेलंच नाही!

गोदाकाठ: वय सांगा. बोलतो किती? दिवसभर कोण सांभाळतं?

मुक्ता_नाशिक: दोन वर्षं चार महिने. "आई", "पाणी", "नको" असे सात-आठ शब्द. तो सहा महिन्यांचा असताना मी कामावर रुजू झाले. आधी आई सांभाळायची, मग एक मावशी, दिवाळीपासून पाळणाघर. डोकं आपटणं दिवाळीनंतरच वाढलंय. लिहिताना आत्ता लक्षात आलं.

गोदाकाठ: मी बालमार्गदर्शन केंद्रात काम करते. आईच्या ताणाचा थोडा परिणाम होऊ शकतो. ताणात वाढणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक तिच्या रक्तात असतं; त्यातलं बरंचसं वार (बाळाला पोषण पुरवणारा गर्भाशयातला अवयव) निष्क्रिय करते, फार ताणात ही आडकाठी कमी पडू शकते. इंग्लंडमधल्या एव्हनच्या अभ्यासात, गरोदरपणाच्या शेवटी सर्वांत चिंतेत असलेल्या आयांच्या मुलांत चौथ्या वर्षी वागणुकीच्या अडचणी साधारण दुप्पट दिसल्या. तरीही त्यातली बहुतेक मुलं ठीकच होती. त्यामुळे "तू रडलीस म्हणून" असं कुणीही ठामपणे म्हणू शकत नाही.

जन्मानंतरचं सांभाळणंही तितकंच मोलाचं. मॉन्ट्रियलला मायकेल मीनींच्या प्रयोगशाळेत, पिलांना कमी चाटणाऱ्या उंदरिणींची पिलं जास्त चाटणारीकडे वाढवली, तर ती मोठेपणी कमी भित्री निघाली. माणसाचं याहून गुंतागुंतीचं असतं, पण तुमच्या हातात आजही बरंच आहे.

मला खरी काळजी बोलण्याची वाटते. दोन वर्षांला साधारण 50 शब्द आणि "पाणी दे" अशी जोडी यायला हवी. सांगता येत नाही तेव्हा मूल चावतं. आधी कान तपासा, मग वाढ. अनेक जिल्हा रुग्णालयांत शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे, तिथे तपासणी मोफत होते. पाळणाघरात रोज एकाच ताईंकडे द्यायला सांगा.

आणि तुम्ही कशा आहात? झोप लागते का? बाबांबद्दल कुणाशी बोललात का? 14416 वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनशी मोफत बोलता येतं, मराठीतही.

रानवारा: बोलेल हो, माझा तीन वर्षांनी बोलला.

गोदाकाठ: आनंद आहे. पण कमी ऐकू येत असेल तर वाट बघण्यात वर्ष जातं.

मुक्ता_नाशिक: गुरुवारची वेळ मिळाली. समोरून हाक मारली की बघतो. काल पाठीमागून चार वेळा मारली, एकदाच वळला. सासूबाईंनीही पाहिलं, त्या सोबत येतायत. 14416 ला अजून फोन केला नाही. आज तो झोपला की करते.