जगातले वणवे वाढत आहेत की घटत आहेत?

धागाकर्ता
कॅनडा, ग्रीस किंवा कॅलिफोर्नियातली पेटलेली जंगले बातम्यांत दिसू लागली की ‘जग पूर्वीपेक्षा जास्त जळते आहे’ असे सर्रास म्हटले जाते. उपग्रहांच्या नोंदी उलट सांगतात. १९९८ ते २०१५ या काळात जगात दरवर्षी जळणारे एकूण क्षेत्र सुमारे एक चतुर्थांशाने घटल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. जळणाऱ्या क्षेत्राचा मोठा वाटा आफ्रिकेतील गवताळ सवानांचा असतो आणि तेथे शेती, रस्ते व चराई वाढल्याने गवताचे सलग पट्टे तुटले आहेत. त्यामुळे ही ओरड मला पटत नाही.

प्रतिसाद १
आकडा खरा, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष फसवा आहे. सवानातले गवत पुढच्या पावसात पुन्हा उगवते. उत्तरेकडील सूचिपर्णी अरण्य जळाले तर ते पूर्ववत व्हायला अनेक दशके लागतात आणि जमिनीत साठलेला कार्बनही हवेत जातो. २०२३ मध्ये कॅनडात सुमारे दीड कोटी हेक्टर, म्हणजे जवळपास अर्ध्या महाराष्ट्राएवढे क्षेत्र जळाले. त्या देशाचा आधीचा उच्चांक याच्या निम्म्याहूनही कमी होता. गवत आणि अरण्य एकाच बेरजेत घातल्यावर हे दिसणार तरी कसे?

प्रतिसाद २
दोघेही माणसाच्या धोरणाला विसरत आहात. अमेरिकेच्या वनखात्याने १९३५ पासून प्रत्येक वणवा दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत आटोक्यात आणण्याचा दंडक घातला. पश्चिमेकडच्या कोरड्या पाइन वनांत अधूनमधून लागणारी जमिनीलगतची आग त्यामुळे थांबली आणि काटक्या-झुडपांचे जळण साचत गेले. याउलट उत्तर ऑस्ट्रेलियातील आर्नहेम लँडमध्ये तेथील मूलनिवासी कोरड्या हंगामाच्या सुरुवातीलाच गवत जाळून घेतात, म्हणून पुढचे भडके कमी होतात. सगळे तापमानवाढीच्या माथी मारणे सोयीचे असते, एवढेच.

प्रतिसाद १
साचलेल्या जळणाचा मुद्दा पाइन वनांपुरता ठीक आहे. कॅनडाच्या उत्तरेकडील अरण्यात वणवे मुळातच दीर्घ अंतराने आणि झाडांच्या शेंड्यापर्यंत भडकणारे असतात. तेथे २०२३ ची असाधारण उष्णता व कोरडेपणा हेच मुख्य कारण होते.

धागाकर्ता
मग ‘कॅनडाची अरण्ये जास्त जळत आहेत’ असे म्हणा, माझी हरकत नाही. ‘जग’ म्हटले की आफ्रिका मोजावीच लागते.

प्रतिसाद २
आणि क्षेत्र मोजून लहायनाचे काय कराल? ऑगस्ट २०२३ मध्ये हवाईतल्या त्या गावाभोवती जळालेले क्षेत्र हजार हेक्टरही नव्हते, पण सुमारे शंभर माणसे मेली. बंद पडलेल्या उसाच्या मळ्यांवर माजलेले परदेशी गवत आणि सोसाट्याचा वारा एवढे त्याला पुरले.