अंबोसेली: हत्ती, पाणथळ आणि पक्षी. तुमचे अनुभव लिहा

केनियातल्या अंबोसेली राष्ट्रीय उद्यानाबद्दल बरेच जण विचारतात, म्हणून एकत्रच लिहूया. लॉजच्या खोल्यांचे फोटो नकोत. काय दिसलं, कधी दिसलं, काय खटकलं ते सांगा.

सुरुवात मी करते. ३९२ चौरस किलोमीटर, म्हणजे आफ्रिकेच्या मानाने लहानच. सगळीकडे पांढुरकी धूळ आणि मधेच हिरवीगार पाणथळ. हे पाणी किलिमांजारोवरून जमिनीखालून येतं. डोंगर टांझानियात, पाणी केनियात! म्हणून कोरड्या महिन्यांतही हत्ती पोटापर्यंत पाण्यात उभे राहून गवत उपटताना दिसतात. अमेरिकन संशोधक सिंथिया मॉस यांनी १९७२ साली इथल्या हत्तींचा अभ्यास सुरू केला. कानांच्या कडांवरच्या खाचांवरून एकेक हत्ती ओळखतात. डोंगर मात्र पहाटेच बघून घ्या, नंतर बहुतेकदा ढगांत जातो.

नाशिक
आमच्या गाडीत चौघं सिंहवाले आणि आम्ही दोघं पक्षीवाले. असं अजिबात करू नका. पाणथळीच्या कडेला खोगीरचोच करकोचा उभा होता. लालकाळ्या चोचीवर पिवळं खोगीर, डोळा पिवळा म्हणजे मादी (नराचा गडद असतो). मी दुर्बीण लावतोय तोवर मागून आवाज, "अहो, बगळाच ना तो? चला पुढे."

मुलुंड
दादा, सिंहवाल्यांचंही ऐका. एवढे पैसे भरून माणूस सिंह बघायलाच जातो. आम्हाला दिसला तो लांब गवतात, नुसते कान. आमच्यातल्या एकाने ड्रायव्हरला वर पैसे देऊ केले, पण त्याने रस्ता सोडून गाडी घातली नाही. तेव्हा राग आला होता, खरं सांगते. आणि 'बिग फाइव्ह'च्या (सिंह, बिबट्या, हत्ती, गवा, गेंडा) यादीवर टिकमार्क करणाऱ्यांनो, इथे गेंडा नाही. त्यासाठी केनियातलंच नाकुरू उद्यान गाठा.

कोल्हापूर
मला तर मजा आली ती ओळखीच्या मंडळींची. शेकाट्या, गायबगळे इथेही! आपल्या नीलपंखाचा भाऊबंद जांभळ्या छातीचा, तोही बाभळीच्या शेंड्यावर तसाच बसणारा. टिटवी निराळी: काळी-पांढरी, आवाज ऐरणीवर हातोडी पडावी तसा टिंक टिंक. तुरेवाले क्रौंच जोडीने फिरत होते. उद्यानातल्या ऑब्झर्व्हेशन हिल या टेकडीवर गाडीतून उतरता येतं. वरून पाणथळ पूर्ण दिसते, तिथे निदान तासभर तरी काढा. खाऊची पिशवी उघडी ठेवू नका, माकडं टपलेली असतात.

ठाणे
कामाचं सांगते. पीतज्वराची (यलो फीवर) लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या. परत येताना भारतातल्या विमानतळावर दाखला मागतात, नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. केनियात उद्यानांमध्ये २०२० पासून एकदाच वापरायचं प्लॅस्टिक बंद आहे, पाण्याची बाटली स्टीलची न्या. धुळीसाठी कॅमेऱ्यावर ओढणी बरी पडते.

सांगली
जुलैत जातोय. पक्षी मिळतील का?

कोल्हापूर
मिळतील की, स्थानिक भरपूर. युरोपातून येणारे पाहुणे मात्र साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. आणि गाडी वेगळी करा, नाशिकच्या दादांचं वाचलंत ना?