मदत हवी आहे: पडल्यापासून लेक सायकलवर बसायलाच तयार नाही

नमस्कार मंडळी, आम्ही बडोद्यात दांडिया बाजारात राहतो. लेक साडेपाच वर्षांची, सायकल १६ इंची. बाजूची छोटी चाकं काढली त्याच दिवशी पडली, गुडघा चांगलाच सोलवटला. तेव्हापासून सायकलला हातही लावत नाही. मी जरा घाईच केली, याचं फार वाईट वाटतं.

आता दोन्ही पेडल काढलीत (डाव्याचे आटे उलटे असतात, मला उशिरा कळलं) आणि पाय पूर्ण टेकतील इतकी सीट खाली घेतली. पायांनी ढकलत आधी तोल साधेल. पण तिला पुन्हा बसायला राजी कसं करू? सासूबाई म्हणतात, महिनाभर विषयच काढू नकोस. तुमच्या मुलांची भीती कशी गेली?

आमच्या गल्लीत स्कूटरची वर्दळ फार. सकाळी नवलखी मैदानात लहान मुलांना सायकल चालवता येते का?