मदत हवी आहे: किशोरवयीन मुलांच्या पीटीएसडी (मोठ्या आघातानंतर टिकून राहणारा मानसिक त्रास) स्क्रीनिंगसाठी कोणती प्रश्नावली?

शाळेत समुपदेशक आहे. अपघातातून वाचलेल्या तेरा-चौदा वर्षांच्या काही मुलांचं स्क्रीनिंग करायचंय. घटनेला महिना उलटून गेलाय. क्राइस-८ ही प्रश्नावली आटोपशीर आहे. आठच प्रश्न, १७ किंवा जास्त गुण आले की तज्ज्ञांकडे पाठवायचं. पण त्यात नको असताना येणाऱ्या आठवणी आणि टाळाटाळ एवढंच विचारलंय. झोप, दचकणं, चिडचिड काहीच नाही, आणि शिक्षकांची तक्रार नेमकी तीच: ‘हल्ली फार उर्मट झालाय!’ सीपीएसएस-५ या दुसऱ्या प्रश्नावलीत हे सगळं येतं, पण लक्षणांचेच २० प्रश्न. कंटाळलेली मुलं शेवटी सरसकट ‘शून्य’ला गोल करतील अशी भीती वाटते. आधी छोटी, मग गरजेप्रमाणे मोठी, असं कुणी केलंय का? पालकांकडूनही वेगळी भरून घेता का? मुलं घरी बरंच लपवतात.